प्रवर्तकाचा वाटा थोडा, ताबा पूर्ण

कंपनी भागधारकांच्या मालकीची असते, असे आपण सहज म्हणतो. पण भारतात ती चालवते कोण, हे भागभांडवलातल्या वाट्यावरून फारच क्वचित ओळखता आले आहे. आजही प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून चालवणारे घराणे किंवा गट, आणि छोटे भागधारक यांच्यात जे वाद होतात, त्यांचे मूळ इथेच आहे.

ब्रिटिश काळात मुंबईच्या गिरण्या असोत की कलकत्त्याचे तागाचे कारखाने, कारभार मॅनेजिंग एजंटांच्या, म्हणजे करारावर कंपनी चालवणाऱ्यांच्या, पेढीकडे असे. पेढीचे स्वतःचे शेअर थोडे असले तरी करार दीर्घ मुदतीचा असल्याने तिला हलवणे अवघड होते. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत एजंटाचे कमिशन उत्पादनाच्या पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे. नफ्याशी त्याचा संबंधच नव्हता. गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाची मिळकत चालू राही आणि भागधारक लाभांशाची वाट पाहत बसे. कंपनी कायद्यातल्या १९३६च्या दुरुस्तीने एजंटांची मुदत २० वर्षांवर आणली, १९५६च्या कंपनी कायद्याने त्यांना आणखी आवळले आणि १९७० साली ही पद्धतच संपली.

पद्धत गेली, पण कंपन्या चालवणारी उद्योग घराणी राहिली. त्यांचा वाटा थोडाच होता. मोठा वाटा हळूहळू आयुर्विमा महामंडळ, युनिट ट्रस्ट अशा सरकारी संस्थांकडे जमा झाला. हा पैसा विमेदारांचा आणि बचत करणाऱ्यांचा, तरी या संस्था बहुधा घराण्यांच्याच बाजूने मत देत. १९८३ साली लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर बाजारातून खरेदी केले, तेव्हा ही गोष्ट उघड्यावर आली. एस्कॉर्ट्समध्ये ती चालवणाऱ्या नंदा कुटुंबाचा वाटा अगदी कमी होता, तर सरकारी संस्थांचा निम्म्याहून अधिक. महामंडळाने संचालक बदलण्यासाठी सभा बोलावण्याची मागणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटले, संस्था सरकारी असली तरी तिला इतर कुठल्याही भागधारकाइतकाच हक्क आहे, आणि संचालक का बदलायचे याची कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नाही. निकाल स्पष्ट होता. तरीही पॉल यांना त्या कंपन्यांचा ताबा मिळाला नाही, आणि सरकारी संस्था नंतरही बहुतांशी गप्पच राहिल्या. माझ्या मते आपल्या बाजाराचे सर्वात मोठे नुकसान या मौनाने केले.

त्याआधीपासून विदेशी कंपन्यांची वेगळीच कहाणी घडत होती. १९७३च्या ‘फेरा’ या परकीय चलनविषयक कायद्यामुळे बहुतेकांना आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा लागला. शेअरची किंमत सरकारी नियंत्रक ठरवत असल्याने ते स्वस्तात विकले गेले आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदाच शेअर सर्टिफिकेट आले. १९९१नंतर दारे उघडली, तेव्हा यातल्या काही मूळ कंपन्यांनी बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने स्वतःलाच नवे शेअर देऊन वाटा पुन्हा ५१ टक्क्यांवर नेला. छोट्या भागधारकाचा हिस्सा त्याच्या डोळ्यांदेखत पातळ झाला. मग सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, अशा वाटपासाठी किमतीचे सूत्र घालून दिले. ताबा बदलताना इतर भागधारकांचेही शेअर विकत घेण्याची सक्ती आली. २०११च्या नियमांनुसार वाटा २५ टक्के किंवा अधिक झाला की किमान आणखी २६ टक्के शेअर इतर भागधारकांकडून घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते.

प्रवर्तकाचा वाटा फार कमी असला की काय होते, हे ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीने दाखवले. एके काळी सुमारे २५ टक्के असलेला तो २००८पर्यंत ९ टक्क्यांच्या खाली आला होता, आणि तोही तारण ठेवलेला. भाव पडताच सावकारांनी शेअर विकले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. त्याच महिन्यात सेबीने तारण शेअर जाहीर करणे बंधनकारक केले.

वाटा फार मोठा असला की दुसरी अडचण. बाजारात फिरणारे शेअर कमी, म्हणून थोड्या खरेदी-विक्रीनेही भाव उसळतो किंवा कोसळतो. सेन्सेक्सने २००३ साली फक्त फिरत्या शेअरवर कंपन्यांचे भारांक (निर्देशांकातले वजन) मोजायला सुरुवात केली, आणि २०१० साली शेअर बाजारात नोंदलेल्या खासगी क्षेत्रातल्या कंपन्यांना किमान २५ टक्के शेअर जनतेकडे ठेवण्याचा नियम आला.

२०१३च्या कंपनी कायद्याने संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तकांच्याच इतर कंपन्या किंवा नातेवाइकांशी, होणाऱ्या व्यवहारांवर हितसंबंधी भागधारकाच्या मताला चाप लावला. दुसऱ्या वर्षीच टाटा मोटर्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचे ठराव आवश्यक ७५ टक्के मते न मिळाल्याने पडले. कंपनीने ते पुन्हा मांडून मंजूर करून घेतले, पण त्यासाठी तिला आधी भागधारकांना पटवून द्यावे लागले.