पीसीचे सुटे भाग एकमेकांत बसायला लागले, त्याची गोष्ट

पहिल्यांदा पीसी असेंबल करायला बसाल तेव्हा मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाला, वीज देणारा २४ पिनांचा कनेक्टर क्षणभर डोळ्यांजवळ धरून बघा. त्याची काही घरं नीट चौकोनी आहेत, काहींचे कोपरे छाटलेले आहेत. बोर्डावरच्या सॉकेटचीही तीच ठेवण. म्हणून तो उलटा बसतच नाही. ही काळजी सुरुवातीपासून कुणी घेतली नव्हती. तिच्यामागे जळालेले बोर्ड आहेत.

घरी संगणक बांधण्याची सुरुवात झाली ती सोल्डरिंगपासून. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर ८८०० झळकला. एड रॉबर्ट्स यांच्या एमआयटीएस कंपनीचा हा संगणक इंटेल ८०८० वर चालायचा. किट मागवलं की हातात पडायचे कोरे बोर्ड, चिप आणि रेझिस्टर. शेकडो जोड स्वतः सोल्डर करायचे. मूळ मेमरी फक्त २५६ बाइट. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. पुढचे स्विच खाली-वर करून एकेक बिट भरायचा आणि दिव्यांवरून उत्तर वाचायचं. मला मात्र ऑल्टेअरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती त्याची १०० पिनांची बस, म्हणजे बोर्ड आणि कार्डं एकमेकांशी बोलतात ती सामाईक वाट. तिच्यात बसतील अशी कार्डं दुसऱ्या कंपन्याही बनवू लागल्या. एकाचं मशीन आणि दुसऱ्याचं कार्ड, ही सवय तिथून रुजली.

तरीही आज आपण जो पीसी जोडतो त्याचं घराणं वेगळं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. अमेरिकेतल्या बोका रॅटनमध्ये डॉन एस्ट्रिज यांच्या गटाला तो साधारण वर्षभरात उभा करायचा होता. सगळं घरात घडवण्याइतका वेळच नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा. इतरांना कार्डं बनवता यावीत म्हणून आयबीएमने सर्किटचे नकाशेही छापून दिले. त्यात बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, संपूर्ण कोडसुद्धा होता. तो कोड मात्र कॉपीराइटखाली होता. सगळं बाजारात मिळत होतं, अडत होतं ते एवढ्यावरच.

ते कुलूप कॉम्पॅक या कंपनीने उघडलं. एका गटाने बायोस काय काय करतो ते फक्त लिहून काढायचं. मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा कोड लिहायचा. नक्कल नाही, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. १९८४मध्ये फिनिक्स या कंपनीने असाच बायोस कुणालाही विकत द्यायला सुरुवात केली. माझ्या मते घरी पीसी बांधणाऱ्याचा जन्म या वर्षीचा. आता मदरबोर्ड कुणीही बनवू शकत होतं, आणि सुटा विकूही शकत होतं. १९८७मध्ये आयबीएमने नवी, परवान्याखालची बस आणून सूत्रं परत हातात घ्यायचा प्रयत्न केला. पण कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुन्याच वाटेवर पुढे गेल्या.

त्या काळाची एक खूण अजून तुमच्या कॅबिनेटच्या मागे आहे. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये कार्डं बसवायच्या दोन खाचांमधलं, म्हणजे स्लॉटमधलं अंतर ०.८ इंच होतं. आजही तेवढंच आहे. ग्राफिक्स कार्ड ‘दोन स्लॉटचं’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा मोजतो ते हेच माप.

भाग मिळू लागले, पण जोडणं सोपं नव्हतं. प्रत्येक कार्डाचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायचा त्याचा नंबर, पिनांवरचे बारीक जंपर हलवून ठरवायचा. दोन कार्डांना एकच नंबर गेला की काहीतरी बंद पडायचं. त्याहून वाईट होती पॉवर सप्लायची जोडणी. आयबीएमच्या पीसी एटीच्या धर्तीवरच्या, म्हणजे एटी पद्धतीच्या बोर्डाला सहा-सहा पिनांचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लावायचे, पी८ आणि पी९. त्यांची अदलाबदल झाली तरी ते बसायचे, आणि बोर्ड जळायची वेळ यायची. म्हणून जाणते एकच गोष्ट बजावून सांगायचे: काळ्या वायरी मधोमध, काळ्याला काळी लागून.

१९९५मध्ये इंटेलने बोर्ड आणि पॉवर सप्लायची नवी पद्धत, एटीएक्स, आणली आणि हा घोर संपला. २० पिनांचा एकच, एकाच बाजूने बसणारा कनेक्टर आला. पुढे त्याचा २४ पिनांचा झाला. त्याच सुमारास कार्डांना नंबर आपोआप देणाऱ्या प्लग अँड प्लेमुळे जंपरही मागे पडले. प्रोसेसरच्या सॉकेटला खटका आला, तेव्हा प्रोसेसर दाबून बसवायची गरज उरली नाही. २००४पासून इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिना काढून सॉकेटमध्येच नेल्या, म्हणून आता जपायचा तो सॉकेट. त्यावरची प्लॅस्टिकची टोपी उगाच काढून ठेवू नका.

एक कोपरा मात्र या सगळ्यातून सुटला. पॉवर बटण, रिसेट, दिवे यांच्या बारीक वायरी बहुतेक कॅबिनेटमध्ये अजून सुट्याच येतात आणि मॅन्युअलमधली आकृती उघडी ठेवून एकेक लावाव्या लागतात. माझ्या पहिल्या पीसीत सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. बटण दाबून काहीच होईना, तेव्हा पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि पंखा फिरला. एटीच्या दिवसांत हे करण्याचा विचारही नको होता: तेव्हाच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट भिंतीतल्या सॉकेटची वीज आलेली असे. एटीएक्समध्ये त्या पिनांवर जेमतेम पाच व्होल्ट असतात.