एक ‘बस’, तीन कुळं

‘बस जरा. बस यायला वेळ आहे. आणि तुझी कुरकुर आता बस झाली.’ तीन वाक्यं, तीन ‘बस’. उच्चारात तसूभर फरक नाही, लिहिण्यातही नाही. तरी हे तीन शब्द मराठीत तीन वेगळ्या दारांनी शिरलेत आणि त्यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही.

पहिला ‘बस’ घरचा. संस्कृत ‘उपविश्’ प्राकृतात झिजत झिजत ‘बैस’ झाला. अभंगांमधून अजून ‘बैसणे’ भेटतं, आपण ‘ऐ’ही सोडून दिला. ‘पुरे’ या अर्थाचा ‘बस’ फारसीतून आला. तिसऱ्या ‘बस’ची गोष्ट मात्र मजेशीर आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या. त्यांना ‘ऑम्निबस’ हे लॅटिन नाव पडलं. ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व, ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. पुढे इंग्रजीने या शब्दाचं डोकं उडवलं आणि शेपूट तेवढं ठेवलं. म्हणजे ज्या भागात ‘सर्व’ हा अर्थ होता तो गेला आणि उरला निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. शाळेत ‘रामाय रामाभ्यां रामेभ्यः’ घोकलेल्यांना हा प्रत्यय ओळखीचा वाटायला हरकत नाही, कारण लॅटिनचा ‘बस’ हा संस्कृतच्या ‘भ्यः’चा सख्खा भाऊ. आपण रोज चतुर्थीच्या बहुवचनात बसून प्रवास करतो!

एकाच भाषेत असं होत असेल, तर दोन भाषांमध्ये त्याहून सहज होणार. बदनाम, बदसूर, बदमाश या शब्दांतला ‘बद’ फारसी आहे, अर्थ वाईट. इंग्रजीत ‘बॅड’, अर्थ तोच. आवाज जुळला, अर्थ जुळला, शिवाय फारसी आणि इंग्रजी या दूरच्या का होईना, एकाच भाषाकुळातल्या बहिणी. आणखी काय हवं? हवं ते एवढंच, की दोन्ही शब्द काळात मागे नेऊन बघायचे. फारसीच्या आधीच्या टप्प्यावर, मध्य फारसीत, हा शब्द ‘वद’ असा होता. ‘व’चा ‘ब’ नंतर झाला. इंग्रजीत ‘बॅड’ साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास डोकं वर काढतो. त्याआधी वाईटाला ‘ईव्हल’चं जुनं रूप वापरत. एक शब्द जेव्हा ‘वद’ होता, तेव्हा दुसऱ्याचा पत्ता नव्हता. जसजसं मागे जावं तसं साम्य विरघळतं. खऱ्या नात्यात याच्या उलट होतं, मागे जावं तशी रूपं जवळ येतात.

याहून झणझणीत उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. १९६० च्या दशकात रॉबर्ट डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ उत्तर क्वीन्सलंडमध्ये मरू घातलेल्या आदिवासी भाषा नोंदवत फिरत होते. म्बाबरम ही त्यांतली एक. तिच्या शेवटच्या भाषकांपैकी असलेले अल्बर्ट बेनेट त्यांना भेटले. डिक्सननी कुत्र्याला काय म्हणतात ते विचारलं. उत्तर आलं, ‘डॉग’.

कोणालाही वाटेल की म्हातारबाबा आपली भाषा विसरले आणि इंग्रजी शब्द सांगून मोकळे झाले. पण तसं नव्हतं. शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात. (आपल्या गुडघ्याशी याचा संबंध जोडण्याचा मोह झाला असेल, तर तो आवरायचा कसा हाच या लेखाचा विषय आहे.) म्बाबरममध्ये शब्द ‘ग’ने सुरू होत असला, की दुसऱ्या अक्षरातल्या ‘अ’चा ‘ऑ’ झाला, म्हणून ‘गुडॉगा’. मग शब्दाच्या सुरुवातीचा भाग गळाला, राहिलं ‘डॉगा’. शेवटचा स्वरही गेला आणि उरलं ‘डॉग’. हे बदल या एका शब्दासाठी रचलेले नाहीत, त्या भाषेतल्या इतर शब्दांनाही ते लागू पडतात. इंग्रजीतला ‘डॉग’ तिकडे हजारो मैलांवर ‘डॉग्गा’ अशा एका जुन्या, फारसा वापर नसलेल्या शब्दातून आला. दोन भाषा, दोन वाटा, आणि थांबल्या एकाच ठिकाणी.

हा चमत्कार वाटतो, पण हिशेब मांडला तर न वाटावा. समजा एका भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. व्यंजन-स्वर-व्यंजन या घडणीचे शब्द होतील २० × ५ × २०, म्हणजे २०००. तसंच ध्वनी असलेली दुसरी भाषा घ्या आणि रोजच्या १००० अर्थांचे शब्द समोरासमोर ठेवा. ठरावीक अर्थाचा शब्द तंतोतंत जुळण्याची शक्यता दोन हजारांत एक, म्हणजे हजार अर्थांत सरासरी अर्धा शब्द. फार नाही. पण आपला कान इतका काटेकोर कुठे असतो? तो स्वरांकडे काणाडोळा करतो. प, फ, ब, भ सगळे एकच मानतो. व्यंजनांचे असे ५ गट केले की शक्यता पंचविसात एक होते आणि ४० शब्द आपोआप जुळतात. अर्थालाही सवलत द्या, ‘कुत्रा’ नाही तर ‘लांडगा’ चालेल, ‘शेपूट’ चालेल, ‘राखण’ही चालेल. प्रत्येक शब्दाला असे ५ अर्थ चालवून घेतले की निदान एक तरी जोडीदार मिळालेले शब्द १८५ च्या घरात जातात. जगात सुमारे ७००० भाषा आहेत. त्यांच्या जोड्या होतात जवळपास २ कोटी ४५ लाख. साम्य सापडणं सोपं आहे, न सापडणंच अवघड.

म्हणून ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय’ छापाचे संदेश फिरत येतात तेव्हा मला वाद घालावासा वाटत नाही, फक्त हा हिशेब आठवतो. ‘ऑस्ट्रेलिस’ म्हणजे लॅटिनमध्ये दक्षिणेकडचा. विषय तिथेच मिटतो.

मग खरं नातं ओळखायचं कशावरून? सारखेपणावरून नाही, फरकातल्या शिस्तीवरून. संस्कृतात जिथे ‘श’, तिथे इंग्रजीत पुन्हा पुन्हा ‘ह’ दिसतो: शतम् आणि हंड्रेड, शृंग आणि हॉर्न, श्वन् आणि हाउंड. कानाला यातलं काहीच जुळत नाही, पण फरक दर वेळी तोच. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांमधले असे ठरावीक बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमाच्या रूपात मांडले. गोष्टी गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंतले थोरले ते हेच. त्या नियमांनुसार लॅटिनच्या ‘क’ला जर्मनमध्ये ‘ह’ यायला हवा. त्यामुळे ‘जवळ असणे’ या अर्थाचे लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ दिसायला जुळे असूनही परके ठरतात. दोघांत ‘ह’ आहे, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा! ‘हाबेन’चा खरा भाऊ लॅटिनमध्ये ‘कापेरे’ आहे, अर्थ पकडणे. तसंच इंग्रजी ‘मच’चं स्पॅनिश ‘मुचो’शी काही नातं नाही, त्याचं नातं लागतं आपल्या ‘महा’शी.

काही शब्द मात्र या नियमांच्या बाहेरच राहतात. ‘मामा’ घ्या. मराठीत आईचा भाऊ, अनेक भाषांत आई, आणि जॉर्जियन भाषेत चक्क वडील. आईला तिथे ‘देदा’ म्हणतात. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञांनी याचं कारण बाळाच्या तोंडात शोधलं. दूध पिताना ओठ मिटलेले असले की बाळाला नाकातूनच आवाज काढता येतो आणि तो ‘म’सारखा निघतो. आवाज बाळाचा; तो कोणाला चिकटवायचा हे घरातली मोठी माणसं ठरवतात. अशा शब्दांवरून भाषांचं नातं जोडायला गेलं तर जगातल्या साऱ्या भाषा एका घरात येतील.

उलट ‘चाक’ पाहा. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी या साऱ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत ‘फिरणे’ या धातूचं द्वित्व करून चाकाला शब्द घडला होता, साधारण ‘क्वेक्वलॉस’ असा. संस्कृतात त्याचं ‘चक्र’ झालं, प्राकृतात ‘चक्क’, मराठीत ‘चाक’. ग्रीकमध्ये तोच ‘कुक्लोस’ झाला आणि लॅटिन-इंग्रजी मार्गाने ‘सायकल’ बनून आपल्याकडे आला. इंग्रजीने घरात वाढवलेलं त्याचं रूप म्हणजे ‘व्हील’. तेव्हा ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारत असतो, आणि ‘बस जरा, बस येईल’ म्हणताना दोन वेगळे.