कासवासाठी घरात ऊन

जानेवारीत इंग्लंडमधल्या घराचं हीटिंग २० अंशांवर असलं की माणसाचं छान चालतं. त्याच खोलीतल्या हर्मन कासवाचं चालत नाही. ते लगेच मरत नाही, ओरडतही नाही. चालणं मंदावतं, खाणं कमी होतं आणि खाल्लेला पाला नीट पचत नाही, कारण आतड्यात तो आंबवणाऱ्या जिवाणूंनाही ऊब लागते. मग नाक गळू लागतं, आणि तिथून न्यूमोनिया फार लांब नसतो.

हर्मन कासव मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीसच्या बाजूचं. जंगलातून पकडलेल्या या कासवांची ब्रिटनमधली व्यापारी आयात १९८४ मध्ये बंद झाली, पण बंदिवासात जन्मलेली आजही तिथल्या असंख्य घरांत आहेत. निरोगी मोठं कासव हिवाळाभर ५ अंशांच्या आसपास झोपवता येतं. त्यासाठी बरेच जण चक्क फ्रिज वापरतात. आजारी किंवा अशक्त कासवाला मात्र घरातच जागं ठेवावं लागतं. सगळ्यांत वाईट ते मधलं १०-१५ अंशांचं तापमान. झोपायला गरम, खायला थंड, आणि अंगातला साठा तेवढा संपत जातो.

खोली तापवणं हा यावरचा उपाय नाही. कासव शरीराचं तापमान जागा बदलून सांभाळतं. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २०-२२ अंश असले, की कुठे बसायचं ते त्याचं तेच ठरवतं. छोट्या काचेच्या टाकीत हे जमत नाही. एक दिवा लावला की सगळी टाकीच तापते, पळायला जागा राहत नाही, आणि शरीराचं तापमान चाळिशीपुढे गेलं की कासवाच्या जिवावर बेततं. म्हणून लाकडाची लांबरुंद, वरून उघडी पेटी बरी.

आता दिवा कोणता? तापलेली वस्तू जितकी जास्त गरम, तितक्या तिच्या किरणांच्या लहरी आखूड. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सियस, हॅलोजन बल्बची तार अडीच हजारांच्या वर, आणि सिरॅमिक हीटर (प्रकाश न देता नुसती ऊब देणारा) जेमतेम काहीशे. सूर्य आणि हॅलोजन या दोघांच्याही किरणांत आखूड लहरींचं अवरक्त (इन्फ्रारेड) भरपूर असतं आणि ते शरीरात थोडं खोल शिरतं. सिरॅमिकच्या लांब लहरी पाठीच्या वरच्या थरातच अडतात. नुसत्या सिरॅमिकखाली बसलेल्या कासवाची गत वरून करपलेल्या, आत कच्च्या राहिलेल्या भाकरीसारखी होते. म्हणून ऊन खायला पसरट झोताचा हॅलोजन लावावा, आणि रात्री हवा उबदार ठेवायची असेल तरच सिरॅमिक. दुकानात रात्रीसाठी म्हणून लाल बल्ब विकतात, त्यांच्या नादी लागू नये. कासवांना लाल रंग चांगला दिसतो, त्यांची झोपमोड होते.

तापमान मोजताना एक गफलत फार सर्रास दिसते: मोजतात जमिनीवर आणि शेकते पाठ. दिवा जमिनीपासून ४० सेंमीवर आणि कासवाची पाठ १० सेंमी उंच असेल, तर पाठ दिव्यापासून ३० सेंमीवरच येते. अंतराच्या वर्गाचा नियम (अंतर दुप्पट तर उष्णता चौथाई) धरला तर तिथे पडणारी उष्णता जमिनीच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाते. रिफ्लेक्टर असेल तर हा आकडा थोडा बदलतो, तरी मोजमाप पाठीच्या उंचीवरच करायचं.

दिवा हवाही कोरडी करतो. आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांवरचा व्हिएन्नातला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, आणि आहारातल्या प्रथिनांचा त्यात फारसा वाटा नव्हता. तेव्हा दिव्याबरोबर ओलसर माती आणि दमट लपणही हवंच.

यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका प्रकाराची) नळी वेगळी लावावी लागते, कारण खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, पण त्याचा शेवटचा टप्पा पुन्हा उबेवरच अवलंबून असतो. नळी आहे पण कासव थंड आहे, असं असेल तर काम अर्धवटच राहतं.

आगीचा धोका बहुतेक वेळा सुरू होतो तो चिमट्याने अडकवलेल्या दिव्यापासून. स्प्रिंग सैल पडते, दिवा सुक्या गवतावर पडतो, आणि घरात कोणी नसतं. चिमट्यावर कधीच विसंबू नये. दिवा छताच्या किंवा भक्कम चौकटीच्या हुकाला साखळीने टांगावा. सोबत चिमटा असलाच, तर साखळी इतकी आखूड, की तो सुटला तरी दिवा खाली टेकणार नाही. होल्डर चिनीमातीचा हवा, प्लास्टिकचा वितळतो. सिरॅमिक हीटर प्रकाश देत नाही, त्यामुळे तो चालू आहे हे डोळ्यांना कळतच नाही. त्याला जाळी लावावी.

थर्मोस्टॅट लागतोच, आणि हॅलोजनला मंद-तेज करणारा; नाहीतर बल्ब दिवसभर लागत-विझत राहतो. पण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, कासवाने ओढून थंड कोपऱ्यात नेला, तर यंत्राला वाटतं अजून गारच आहे, आणि दिवा पूर्ण जोरात चालतच राहतो. प्रोब पक्का बांधा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बल्बच इतक्या वॅटचा निवडा, की थर्मोस्टॅट बिघडून दिवा अखंड चालला तरी पेटी भट्टी होणार नाही. हे तपासायला कासव दुसरीकडे ठेवून, थर्मोस्टॅट काढून, घरातल्या सगळ्यांत उबदार दिवशी दिवा तासन्‌तास चालवून पाहावा. थंड टोकही तिशीच्या पुढे गेलं तर बल्ब मोठा आहे. खालून तापणारे दगड आणि चटया नकोतच: निसर्गात कासव गारव्यासाठी जमीन उकरतं, इथे उकरलं तर पोट भाजतं.

ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी कासव येतं, तिथे हे सगळं उपयोगी पडेल. भारतात मात्र हा प्रयोग नको. आपलं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आहे.

रात्रीचं गणित जातीनुसार बदलतं. निरोगी हर्मनला रात्री १५-१६ अंश चालतात, म्हणजे बहुतेक घरांत सगळे दिवे बंद करून झोपता येतं. सहाराच्या दक्षिण कडेच्या सुल्काटाचं पिल्लू असेल तर रात्रीही २५-२६ अंशांच्या वर ऊब लागते. मग सिरॅमिक आलं, थर्मोस्टॅट आला, आणि त्या खोलीत धुराचा अलार्मही.