धातू कापायची करवत निवडताना आधी वेग बघा

मीटरभर लांबीचा चौकोनी लोखंडी पाईप दोन टोकांना दोन ठोकळ्यांवर टेकवला आणि मधोमध ग्राइंडर चालवला, तर सुरुवातीला काप छान जातो. वरची भिंत कापली जाते, बाजूच्या दोन्ही कापल्या जातात. खालची तेवढी उरली की पाईपला स्वतःचं वजन आणि वरून पडणारा आपला दाब पेलवत नाही. तो मधोमध वाकतो, वर पाडलेली फट मिटते आणि तिच्यात फिरणारी चकती चिमटीत सापडते. १०० मिलिमीटर व्यासाची ती चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेत असते. ती अडकली की तिचा सगळा जोर ग्राइंडरच्या धुडात येतो आणि यंत्र उसळी मारतं. चकती ज्या रेषेत फिरत असते त्याच रेषेत ते उसळतं, आणि कापणारा बहुतेक वेळा नेमका तिथेच उभा असतो.

हे माझ्या हातून घडलं आहे. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, जागेवर होतं, म्हणून चकतीचा तुटलेला तुकडा त्यावर आपटून खाली पडला. तेव्हापासून घरच्या वर्कशॉपसाठी कोणती करवत घेऊ असं कुणी विचारलं, की मी आधी पात्याच्या वेगाचं बोलतो. मोटरचे फेरे वेगळे आणि कडेचा वेग वेगळा. धातूला प्रत्यक्ष भिडतो तो करवतीचा दाता किंवा चकतीतला कण सेकंदाला किती मीटर धावतो, ते महत्त्वाचं.

वरच्या ग्राइंडरचा हिशेब करा. १०० मिलिमीटरच्या चकतीचा परीघ ३१४ मिलिमीटर. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, ताशी २०० किलोमीटरच्या वर. ३५५ मिलिमीटरची चकती लावलेल्या चॉप सॉचा, म्हणजे वरून खाली दाबून कापायच्या यंत्राचा, वेग त्याहून जास्त, सेकंदाला सत्तर मीटरच्या आसपास. आता हाताची हॅकसॉ घ्या. मिनिटाला पन्नास हात मारले तरी तिचे दाते सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतात. चॉप सॉ आणि हॅकसॉ यांच्या वेगातला फरक १४० पट; आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून निसटलेल्या प्रत्येक ग्रॅममागे ऊर्जेतला फरक जवळजवळ २०,००० पट. हॅकसॉचं पातं तुटलं तर बोटं खरचटतील, फार तर टाका पडेल. चॉप सॉची चकती फुटली तर तिचे तुकडे ताशी अडीचशे किलोमीटरने सुटतात.

मग इतका वेग हवाच कशाला? इथे धातूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. करवतीचा दाता धातूचा बारीक पापुद्रा सोलून काढतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा जवळजवळ सगळी उष्णता होऊन बसते. वेग वाढवला की उष्णता वाढते, दाता तापतो. साधं कडक केलेलं पोलाद अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात बेथलहेम स्टीलच्या फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांचं नवं हत्यारी पोलाद मांडलं होतं. त्याचं टोक तापून लाल झालं तरी ते लोखंड सोलतच राहायचं. हेच ते हाय स्पीड स्टील. सहाशे अंशांच्या आसपासही ते धार टिकवतं. तरीसुद्धा साधं लोखंड कापताना त्याला मिनिटाला तीसेक मीटरचाच वेग मानवतो. लाकडाचा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं अखंड पातं फिरवणारी करवत, मिनिटाला सुमारे ९०० मीटरने धावतो. म्हणून लाकडाच्या बँडसॉवर नुसतं धातूचं पातं चढवून भागत नाही. तीसपट वेगात ते पातं काही क्षणांत बोथट होतं.

चकतीला धार टिकवायची चिंता नसते. रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या घट्ट बांधणाऱ्या पदार्थात, बसवलेले तिचे कडक कण बोथट झाले की झडतात आणि आतले ताजे कण पुढे येतात. म्हणूनच ती एवढ्या वेगात फिरू शकते, आणि म्हणूनच ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे हवेत जळत जाणारा लोखंडाचा कण. कारखान्यांत असं काम करताना आजूबाजूला ३५ फूट, म्हणजे जवळपास ११ मीटरपर्यंत जळाऊ काही राहणार नाही असं बघतात. घरच्या वर्कशॉपमध्ये तेवढी जागा कुठली? त्याच खोलीत लाकडाचा भुसा असतो, थिनरचा डबा असतो. आवाजाचंही तेच. चॉप सॉ सहज १०० डेसिबल ओलांडतो, आणि अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या निकषानुसार १०० डेसिबलमध्ये कानांनी दिवसाला पंधरा मिनिटंच काढावीत.

माझं मत स्पष्ट आहे. तुमचं काम होईल अशी सगळ्यात हळू करवत घ्या. अधूनमधून एखादा पाईप, एखादी पट्टी कापायची असेल, तर चांगली ताठ फ्रेम, बायमेटल (लवचिक पाठीला हाय स्पीड स्टीलचे दाते जोडलेली) पाती आणि भक्कम शेगडा (व्हाइस) यांत सगळं आलं. हॅकसॉ कापत नाही, हात भरून येतात, अशी तक्रार ऐकू येते. दोष बहुधा पात्याच्या निवडीत असतो. निदान दोन, शक्यतो तीन दाते एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत. दोन मिलिमीटर जाडीच्या पाईपवर इंचाला १८ दात्यांचं पातं लावलं, तर दोन दात्यांतलं अंतर १.४ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम दीड दाता टेकतो, भिंत दोन दात्यांच्या खाचेत बसते, हात अडखळतो आणि दाता मोडतो. तिथे इंचाला ३२ दात्यांचं पातं हवं. भरीव गजाला १८ ठीक. दात्यांची टोकं मुठीपासून दूर, पुढच्या दिशेला असावीत. ढकलताना दाब द्यायचा, ओढताना सोडायचा, आणि पातं टोकापासून टोकापर्यंत वापरायचं. शेवटचे चार हात अगदी हलके मारा.

काम रोजचं असेल तर धातूचा छोटा आडवा बँडसॉ घ्या. घरच्या वर्कशॉपसाठी मला याहून योग्य यंत्र दिसत नाही. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, त्याच्याच शेगड्यात आवळायचा, वरची फ्रेम स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरते आणि काप पुरा झाला की बटण दाबलं जाऊन मोटर बंद पडते. दोन्ही हात मोकळे, पात्यापासून लांब. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवला की वेग बदलतो: मिनिटाला साधारण २५, ३७ किंवा ६० मीटर. कठीण पोलादाला सगळ्यात कमी, ॲल्युमिनियमला सगळ्यात जास्त. पातं सरळ धरून ठेवणारे गाइड जॉबच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा. काप सरळ येतो आणि उघडं पातंही कमी राहतं. सैल बाही, सैल हातमोजे मात्र कुठल्याही फिरत्या पात्याजवळ नकोत.

कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या दात्यांची, मिनिटाला १,३०० ते १,५०० फेऱ्यांची गोल करवतही मिळते. तिचा काप देखणा येतो, ठिणग्या नगण्य. पण कडेचा वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या घरात, आणि उडणारा कीस तापलेला असतो. जॉब आवळण्यात कसूर चालत नाही. लाकडाच्या मायटर सॉवर (कोनात कापायच्या गोल करवतीवर) लोखंड कधीच कापू नका.

ग्राइंडर तरीही लागणारच. गंजून बसलेला बोल्ट जागेवर कापायला दुसरं काही पोचत नाही. त्याचं गार्ड काढू नका. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदतीची तारीख वाचा, कारण रेझिन ओलाव्याने कमजोर होतं. जॉबचं एकच टोक आवळा आणि कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबू द्या, म्हणजे फट मिटण्याऐवजी उघडत जाते. बंद टाकी किंवा ड्रम, आत पूर्वी काहीही असलं तरी, कापायचाच नाही. तळाशी राहिलेली ज्वालाग्राही वाफ एका ठिणगीने स्फोट करते. जस्ताचा मुलामा असलेला पाईप उघड्यावर कापा. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

गॉगल मात्र हॅकसॉलाही लावा. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण काही तासांतच गंजू लागतो आणि बुबुळावर तांबूस कडं उमटवतो. कण निघाला तरी ते कडं डॉक्टरांना वेगळं खरवडून काढावं लागतं. काप झाल्यावर कीस ब्रशने झाडा, हाताने किंवा फुंकर मारून नको. आणि पाईप उचलण्याआधी कडेची बर, म्हणजे कापताना वर आलेली धातूची कोर, कानशीने घासून घ्या, ती ब्लेडइतकीच धारदार असते.