दोनशेचा आकडा: एचआयव्ही उपचारांतली उशिराची पार्श्वभूमी

१९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले आणि त्यामागचा विषाणू, एचआयव्ही, सापडण्याआधीच संशयितांची यादी तयार झाली: समलैंगिक पुरुष, हेरॉइन टोचून घेणारे, हिमोफिलियाचे (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे) रुग्ण, हैतीहून आलेले स्थलांतरित. १९८५ मध्ये रक्तचाचणी आली, तरी डॉक्टरांच्याही डोक्यातून ही यादी गेली नाही. त्यात न बसणाऱ्यांना, उदाहरणार्थ विवाहित स्त्रियांना, चाचणी सुचवायला उशीर होत राहिला.

१९९६ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटले. इतरत्र तो परवडणारा नव्हता. २००० च्या सुमारास एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये जेनेरिक औषधं ३५० डॉलरमध्ये देऊ केली गेली, तेव्हा गरीब देशांत उपचार शक्य दिसू लागले.

मग वाद उरला तो औषध कधी सुरू करायचं याचा. १९९६ नंतर ‘लवकर आणि जोरात’ असा सूर होता. पण गाल बसणं, पोटावर चरबी साठणं असे दुष्परिणाम दिसू लागले आणि तज्ज्ञ मागे सरले. गरीब देशांसाठी सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी, रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये २०० च्या खाली गेल्या की सुरुवात, असं ठरलं. त्यामागे तर्क होता: २०० खाली संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती ढासळली की गाठणारे) वेगाने वाढतात आणि औषधं मोजकी असतील तर आधी सर्वांत आजारी माणसाला. पण ४०० चा अहवाल घेऊन आलेल्या माणसाला ‘सहा महिन्यांनी या’ म्हणून परत पाठवलं जाई. हातात गोळी नाही, दिवसाची मजुरी बुडालेली, वर दवाखान्यात कोणी पाहील ही धास्ती. अनेक जण परतले ते थेट क्षयरोग घेऊनच. तिजोरीच्या मर्यादेला वैद्यकीय निकषाचं रूप मिळालं होतं, असं आज म्हणावं लागतं.

२००६ मध्ये एका मोठ्या चाचणीत उपचार मध्ये मध्ये थांबवलेल्यांत मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे आजारही जास्त दिसले. म्हणजे पेशी बऱ्यापैकी असतानाही विषाणू नुकसान करतोच. २०१० मध्ये मर्यादा ३५० झाली, २०१३ मध्ये ५००. २०११ मध्ये लवकर उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं सिद्ध झालं होतंच. २०१५ मध्ये अट पूर्णपणे गेली: निदान झालं की औषध.

तरीही आज अनेकांचं निदान होतं तेव्हा त्यांच्या पेशी २०० च्या खालीच असतात, आणि त्यांत स्थलांतरित व वयस्कर माणसं जास्त. नियमित औषध घेणाऱ्यांचं आयुर्मान इतरांच्या जवळपास पोहोचलंय. त्यांच्या तब्येतीची चिंता आता हृदयविकार, नैराश्य आणि तंबाखूची आहे. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, चांगले उपचार मिळणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांनी विषाणूपेक्षा सिगारेटमुळे आयुष्याची जास्त वर्षं गमावल्याचं दिसलं.