एक लाख शिल्लक, पण आपले किती? जमाखर्च आणि उत्पन्न-खर्च यांतला फरक

नाशिकमध्ये ढोलपथक चालवणं म्हणजे पन्नास-साठ पोरापोरींचं घर चालवणंच आहे. सराव, टेम्पो, ढोलांची फाटलेली पानं (ज्यावर टिपरू पडतं ते पडदे), नाश्ता आणि या सगळ्याचा हिशोब. तो हिशोब बहुतेक मंडळांत ज्याच्याकडे येतो, तो विशीतला, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून काम करणारा, प्रामाणिक मुलगा असतो. मीही असाच खजिनदार झालो होतो. चूक प्रामाणिक माणसाकडूनच होते, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो: 'जमाखर्च'.

पहिली गोष्ट खरा जमाखर्च. तो किर्दीवरून, म्हणजे रोजच्या पैशांच्या नोंदवहीवरून, निघतो. वर्षाच्या सुरुवातीला हातात आणि बँकेत काय होतं, किती आलं, किती गेलं, शेवटी काय उरलं. पैसा कशाचा आहे हे तो विचारत नाही. इसार (कामाआधी मिळालेली आगाऊ रक्कम) असो, देणगी असो, उसने असोत, आले की जमा. दुसरी गोष्ट उत्पन्न-खर्च पत्रक. त्याचा प्रश्न वेगळा आहे: १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात मंडळाने खरोखर कमावलं किती आणि त्या वर्षाचा खर्च किती झाला? पैसे हातात आले की नाही, दिले की नाही, हे तिथे दुय्यम.

उदाहरणच घेऊ. आकडे मी सोपे केले आहेत, पण घडलं असंच होतं. २०२३-२४. सुरुवातीची शिल्लक २२ हजार. साठ जणांची वार्षिक वर्गणी हजार रुपये, त्यातली ४८ जणांची आली. गणपतीतल्या सुपाऱ्यांचे, म्हणजे वाजवायच्या कामांचे, १ लाख २० हजार. मार्चमध्ये पाडव्याच्या मिरवणुकीचा इसार ३० हजार. एका हितचिंतकाने पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेला पुस्तकं द्यायला २५ हजार दिले. म्हणजे सुरुवातीच्या शिल्लकेसह एकूण २ लाख ४५ हजार. आता गेले ते: आठ नवे ढोल ४८ हजार, पानं-दोऱ्या ३५, टेम्पो २८, चहा-नाश्ता २४, सरावाच्या मैदानाची अनामत १०. एकूण १ लाख ४५ हजार. शिल्लक बरोबर एक लाख. पासबुकाशी रुपयासकट जुळणारी.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. लगेच ठरलं, आणखी दहा ढोल घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सरावाच्या मैदानावर शिंपीकाका आले. गणपतीत घातलेल्या कुर्त्यांचं ३१ हजारांचं बिल त्यांच्या खिशात चार घड्या घालून होतं. त्यांनी ते उघडलं, घड्या हाताने सपाट केल्या आणि म्हणाले, "दादा, सहा महिने झाले." माझ्या जमाखर्चात ते बिल कुठेच नव्हतं, कारण पैसे दिलेच नव्हते. कुर्ते मात्र आम्ही पाचही मिरवणुकांत घातले होते.

तेव्हा त्या एका लाखाकडे नीट पाहिलं. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. मिरवणूक रद्द झाली असती तर ३० हजारांचा इसार परत द्यावा लागला असता. तो अजून आमचा नव्हता. शिंप्याचे ३१ हजार त्यांचे. पुस्तकांचे २५ हजार त्या पाड्यावरच्या मुलांचे, त्यांना हात लावणं हा विश्वासघात. उरले १४ हजार. त्यात दोन ढोल आले असते, दहा नाहीत.

आता तेच वर्ष उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात कसं दिसतं? वर्गणी पूर्ण साठ हजार, कारण बाराजणांची अजून यायची आहे आणि ती येणार याची खात्री आहे. खात्री नसेल तर धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुपाऱ्या १ लाख २०. एकूण १ लाख ८० हजार. इसार इथे नाही, तो ताळेबंदात, म्हणजे मालमत्ता आणि देणी दाखवणाऱ्या कागदात, देणं म्हणून बसतो. पुस्तकांची देणगीही नाही, ती राखीव निधी. खर्चात पानं, टेम्पो, नाश्ता यांचे ८७ हजार आणि शिंप्याचे ३१, पैसे दिले नसले तरी. अनामत परत मिळणार आहे, म्हणून ती खर्च नाही.

आणि ढोल? इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. ढोल पुढची काही वर्षं वाजणार आहे, म्हणून त्याचे ४८ हजार एका वर्षाच्या माथी मारायचे नाहीत. ती मालमत्ता. त्यातला झिजीचा भाग, म्हणजे घसारा, तेवढा खर्चात. १५ टक्के धरला तर ७,२००. (जुने ढोल सोयीसाठी बाजूला ठेवले आहेत.) पान मात्र वर्षभरात फाटतं, ते सरळ खर्चात. खर्च १ लाख २५ हजार २००, वाढावा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न, ५४ हजार ८००.

म्हणजे मंडळाचं वर्ष चांगलं गेलं होतं. फक्त त्या वाढाव्यातला बराचसा नव्या ढोलांत आणि अनामतीत बसला होता, खात्यात नव्हता. हे उलटही होतं. खातं रिकामं दिसतं म्हणून मुलं खचतात, आणि खरं तर पैसा लोकांकडून येणं असतो.

दोन्ही कागद लागतात. जमाखर्च दर महिन्याला, सगळ्या मुलांसमोर, मोठ्याने वाचावा. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर आली असेल तर ती त्याच दिवशी किर्दीत चढली पाहिजे, नाहीतर दोन्ही कागद खोटे. उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद वर्षातून एकदा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला ते ठरलेल्या नमुन्यात करावे लागतात, ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अख्खं पथक गणपतीत असतं, त्यामुळे हे काम मे-जूनमध्येच उरकावं, सराव सुरू व्हायच्या आधी.

आमच्या किर्दीच्या शेवटच्या पानावर तेव्हापासून पेन्सिलने चार ओळी असतात: इसार किती, देणी किती, राखीव किती, उरले किती. बैठकीत पासबुक उघडण्याआधी नवी खजिनदार मुलगी त्या चार ओळी वाचते. शिंपीकाकांचे पैसे त्याच आठवड्यात दिले. पुस्तकांची खोकी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाड्यावर पोचवली.