मानसिक प्रथमोपचार म्हणजे समुपदेशन नव्हे

युद्धातून सुटून आलेल्यांच्या छावणीत दोन दिवस जाऊन आलेली मंडळी "आम्ही तिथे समुपदेशन केलं" असं सांगतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. समुपदेशन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे: प्रशिक्षित माणूस, ठरलेली वेळ, अनेक बैठका. मानसिक प्रथमोपचार, म्हणजे संकटातून नुकत्याच सुटलेल्याला दिलेला पहिला आधार, थोडंफार शिकलेला स्वयंसेवकही देऊ शकतो, रांगेत किंवा तंबूच्या दाराशी. एवढा फरक सांगितला की कुणालाही कळतो.

घोळ होतो तो एका प्रश्नापाशी: "काय काय झालं, सगळं सांगा." समुपदेशनात ही वेळ येते, पण विश्वास बसल्यावर, आणि पुढच्या आठवड्यातही समोर तोच माणूस असणार म्हणून. प्रथमोपचारात हा प्रश्न विचारायचाच नाही. बोललं की मन मोकळं होतं, हे आपल्यात इतकं मुरलंय की न विचारणं निष्ठुरपणाचं वाटतं. पण भाजलेल्या रुग्णांवरचा १९९७चा अभ्यास पाहा. ज्यांच्याकडून एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेतला, त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना १३ महिन्यांनी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, होता. ज्यांची अशी बैठक घेतलीच नव्हती, त्यांच्यात ९ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटना अशा एकबैठकी उकरण्याला स्पष्ट नकार देते.

मग करायचं काय? संघटनेच्या २०११च्या पुस्तिकेत तीनच गोष्टी आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. सीमा ओलांडून आलेली बाई पोराला घट्ट धरून बसली आहे. शेजारी बसा, पाणी द्या, "आत्ता काय हवंय?" विचारा. ती म्हणेल, फोन चार्ज करायचाय, नवरा मागे राहिलाय. चार्जिंगची सोय दाखवा, रेड क्रॉसच्या शोधसेवेपर्यंत सोबत जा. ती आपणहून बोलली तर ऐका, गप्प राहिली तर राहू द्या. तीच हकीकत तिने नोंदणीवाल्याला, पोलिसाला, वार्ताहराला आधीच सांगितलेली असते.

आणि पहिल्या काही दिवसांतल्या दचकण्याला, रात्र रात्र जागण्याला लगेच 'ट्रॉमा' म्हणू नका. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. संघर्षग्रस्त भागात साधारण पाचांतल्या एकाला मानसिक आजार असतो, असा २०१९चा अंदाज आहे. समुपदेशक आणि डॉक्टर हवेत ते त्यांच्यासाठी. महिना उलटूनही चूल पेटवायचं बळ नसेल, तर तिकडे पाठवा. त्याआधी झोप यावी म्हणून डायझेपामसारखी गोळी देणंही संघटनेला मान्य नाही.